विकासाचं अर्थशास्त्र: आधी आकडेमोड, मग सिद्धांत

विकसनशील देशांच्या अर्थशास्त्राचा पहिला पेपर आला की बहुतेक मुलं रोस्टोच्या पाच अवस्थांपासून सुरुवात करतात, मग नर्क्सचं दारिद्र्याचं दुष्टचक्र, मग लुईस. महिनाभरात वहीत नावांची आणि सालांची रांग लागते. परीक्षेत ‘दारिद्र्यरेषा बदलली की गरिबांची संख्या किती आणि का बदलते’ असा सरळ प्रश्न आला की त्या रांगेतलं एकही नाव मदतीला येत नाही. हा विषय उलट क्रमाने शिकावा: आधी मोजमाप, मग मोजलेल्या गोष्टींची कारणं सांगणारे सिद्धांत, आणि शेवटी ते सिद्धांत प्रत्यक्षात टिकतात का हे तपासण्याच्या पद्धती. मोजमाप स्वतःच्या हाताने केलेलं नसेल, तर सिद्धांत कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय हेच समजत नाही.

बडोद्यातल्या विद्यार्थ्याला इथे एक मोठी सोय आहे. दादाभाई नवरोजी 1874 मध्ये बडोदे संस्थानाचे दिवाण झाले होते. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि प्राथमिक शाळांवरचा जो प्रयोग आज जगभरच्या विकास-अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो, तो मुंबईबरोबर बडोद्याच्या महापालिका शाळांत झाला. पुढे प्रत्येकाचा उपयोग येईल तिथे सांगितला आहे.

साहित्य थोडंच लागतं. एक आलेखाची वही, ‘एलएन’ आणि घातांकाचं बटण असलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, आणि संगणकावर किंवा मोबाइलवर कुठलंही स्प्रेडशीट. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं आणि आठवड्याला पाच तास दिले, तर पहिले पाच आठवडे मोजमापाला, पुढचे सहा सिद्धांतांना आणि उरलेले चार पुरावा व छोट्या पाहणीला ठेवा. मोजमापाचे आठवडे कापून सिद्धांतांना देण्याचा मोह होतो; तो टाळा. वाचायला विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहेच. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतही बसता येतं.

वाढीचा दर

पहिला आठवडा फक्त टक्क्यांचा. 70 ला वाढीच्या दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. 1950 ते 1980 या काळात भारताचं उत्पन्न साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढत होतं. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी त्याला ‘हिंदू ग्रोथ रेट’ म्हटलं ते हेच. लोकसंख्या साधारण 2.2 टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे माणशी वाढ 1.3 टक्के, आणि माणशी उत्पन्न दुप्पट व्हायला 54 वर्षं. तीच माणशी वाढ 6 टक्के असेल तर 12 वर्षंही लागत नाहीत. एका पिढीला बदल दिसणं आणि दोन पिढ्यांना न दिसणं, यातला फरक एवढ्या दोन भागाकारांत आहे. पुस्तक उघडण्याआधी हे करा.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, वर्षं मोजण्याची: 2011-12 ते 2019-20 या काळाचा सरासरी वार्षिक दर काढताना वर्षं नऊ दिसतात, पण मधली अंतरं आठ आहेत. शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागा, त्याचं आठवं मूळ काढा, एक वजा करा. दुसरी, दरांची साधी सरासरी: एका वर्षी 10 टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी 10 टक्के घट म्हणजे शून्य नव्हे, 100 चे 110 होतात आणि 110 चे 99. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते, ती म्हणजे दोन वेगवेगळ्या पायाभूत वर्षांच्या (ज्या वर्षाच्या भावांत मोजतात त्या वर्षांच्या) मालिका एकमेकींना जोडणं. 2015 च्या सुरुवातीला राष्ट्रीय उत्पन्नाचं पायाभूत वर्ष 2004-05 वरून 2011-12 वर आलं. त्या वेळी नुसते भाव बदलले नाहीत, पद्धत आणि माहितीचे स्रोतही बदलले. त्यामुळे 2013-14 चा वाढीचा दर जुन्या मालिकेत 4.7 टक्के होता, तो नव्या मालिकेत 6.9 टक्के झाला. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर पायाभूत वर्ष आणि ‘चालू भाव’ की ‘स्थिर भाव’ हे लिहायची सवय लावा.

डॉलर

जागतिक बँक दर वर्षी 1 जुलैला देशांचे उत्पन्नगट नव्याने जाहीर करते. जुलै 2024 च्या यादीत माणशी राष्ट्रीय उत्पन्न 1,145 डॉलरपर्यंत असलेले देश अल्प उत्पन्नाचे, 4,515 पर्यंत निम्न-मध्यम, 14,005 पर्यंत उच्च-मध्यम आणि त्यावरचे उच्च उत्पन्नाचे. भारत निम्न-मध्यम गटात. हे डॉलर बाजारातल्या विनिमय दरावर आधारलेले असतात. दर एकाच वर्षाचा न घेता तीन वर्षांचा विचार करून तो सौम्य केलेला असतो, एवढंच.

दारिद्र्यरेषेचे डॉलर मात्र वेगळे. जून 2025 पासून आंतरराष्ट्रीय रेषा दिवसाला 3 डॉलर आहे, 2021 च्या क्रयशक्ती समतेनुसार (म्हणजे तेवढ्याच पैशांत प्रत्येक देशात किती खरेदी होते या हिशेबाने). त्याआधी ती 2.15 होती (2017 ची क्रयशक्ती), त्याआधी 1.90 (2011 ची). आता 3 ला बाजारातल्या डॉलरच्या दराने गुणलं तर उत्तर अडीचशेच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातं, आणि ते चूक आहे. क्रयशक्तीच्या हिशेबात एका डॉलरची खरेदी भारतात साधारण 20 ते 25 रुपयांत होते, म्हणून ही रेषा 2021 च्या भावांत दिवसाला 60 ते 75 रुपयांच्या घरात पडते. 1.90 वरून 2.15 आणि मग 3 झाले याचा अर्थ रेषा त्याच प्रमाणात उदार झाली असाही नाही. प्रत्येक वेळी भावांचं वर्ष बदललं आहे.

गरिबी मोजणं

या भागाला दोन आठवडे द्या. संपूर्ण पेपरमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडणारा भाग हाच आहे.

गरिबी मोजायला दोन गोष्टी लागतात: एक रेषा आणि एक पाहणी. दोन्हींत निवड करावी लागते आणि दोन्हींमुळे उत्तर बदलतं. रेषेची कल्पना नवरोजींच्या हिशेबात आधीच आहे. त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न 20 रुपयांच्या आसपास काढलं आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिलं. सरकार कैद्याला जगवायला जेवढं खर्च करतं तेवढंही सामान्य माणसाला मिळत नाही, हा त्यातला मुद्दा. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दिवसाला 2,250 कॅलरी मिळवून देणाऱ्या खर्चावर रेषा बांधली. पुढे 2011-12 साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने महिन्याला माणशी 816 रुपये ग्रामीण आणि 1,000 रुपये शहरी अशी रेषा आली, आणि गरिबी 21.9 टक्के निघाली. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी 972 आणि 1,407 रुपये धरले, आणि गरिबी 29.5 टक्के झाली. वर्ष तेच, देश तोच, सात टक्क्यांहून जास्त फरक. रेषेच्या जवळ किती दाटीने माणसं राहतात हे या फरकातून कळतं: रेषा थोडी सरकली की कोट्यवधी माणसं या बाजूची त्या बाजूला जातात.

आता वही घ्या. पाच माणसांचा मासिक खर्च हजार रुपयांत लिहा: 2, 3, 4, 6, 10. रेषा 4 धरा, आणि 4 च्या खाली असेल तो गरीब.

गरिबीचं प्रमाण: पाचांपैकी दोन, म्हणजे 0.40.

गरिबीची दरी: पहिल्याला रेषेपर्यंत यायला 2 कमी पडतात, म्हणजे रेषेच्या 0.50; दुसऱ्याला 1, म्हणजे 0.25. बेरीज 0.75, भागिले पाच (दोन नव्हे, एकूण माणसं पाच): 0.15.

दरीचा वर्ग: 0.25 अधिक 0.0625, भागिले पाच: 0.0625.

आता सर्वांत गरीब माणसाकडून 1 हजार काढून दुसऱ्याला द्या. रांग होते 1, 4, 4, 6, 10. गरिबीचं प्रमाण 0.40 वरून 0.20 वर येतं, निम्मं. दरी 0.15 ची 0.15 राहते. वर्ग 0.0625 वरून 0.1125 होतो, जवळजवळ दुप्पट. सगळ्यात गरीब माणसाच्या ताटातलं काढून गरिबी ‘निम्मी’ करता येते, फक्त सोयीचं माप निवडावं लागतं. फॉस्टर, ग्रीअर आणि थॉर्बेक यांनी 1984 मध्ये ही तीन मापं एका सूत्रात का बांधली, ते या उदाहरणानंतर वेगळं पाठ करावं लागत नाही. फक्त गरिबीचं प्रमाण कमी केल्याबद्दल एखाद्या योजनेला शाबासकी मिळणार असेल, तर ती योजना रेषेच्या अगदी खाली असलेल्यांनाच शोधत जाईल. ही गोष्ट उत्तरपत्रिकेत आवर्जून लिहा.

मूळ पाच आकड्यांवरच विषमता मोजणारा गिनी गुणांक काढा. प्रत्येक जोडीतला फरक लिहा: 1, 2, 4, 8, 1, 3, 7, 2, 6, 4. बेरीज 38. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी मोजायची म्हणून 76. सरासरी 5, माणसं 5; छेद 2 × माणसांचा वर्ग × सरासरी, म्हणजे 2 × 25 × 5 = 250. उत्तर 0.304. इथे नेहमीची चूक म्हणजे जोड्या दुप्पट करायला विसरणं. मग उत्तर बरोबर निम्मं येतं.

प्रत्यक्ष माहितीवर काम करताना आणखी एक खड्डा असतो. पाहणीत खर्च घराचा नोंदलेला असतो. तो घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचा असतो आणि नंतर घर नव्हे, माणसं मोजायची असतात. गरीब घरं सहसा मोठी असतात. त्यामुळे घरं मोजून काढलेलं गरिबीचं प्रमाण खऱ्यापेक्षा कमी येतं.

पाहणीतला प्रश्न कसा विचारला यानेही आकडा हलतो. ‘गेल्या 30 दिवसांत काय खाल्लं’ आणि ‘गेल्या 7 दिवसांत काय खाल्लं’ यांची उत्तरं जुळत नाहीत. जुनं आठवत नाही, म्हणून छोट्या मुदतीत खर्च जास्त निघतो. 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एकाच घराला खाण्यापिण्याबद्दल दोन्ही मुदती विचारल्या गेल्या. माणसं एका उत्तराला दुसऱ्याशी जुळवून घेऊ लागली, आणि त्या वर्षाची गरिबी आधीच्या वर्षांशी ताडता येईना. त्यावर कित्येक वर्षं वाद चालला. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात 3,773 रुपये आणि शहरात 6,459 रुपये आला. या पाहणीची विचारण्याची पद्धतही 2011-12 पेक्षा वेगळी होती. म्हणून 2011-12 च्या शेजारी हे आकडे नुसते ठेवून ‘इतकी गरिबी घटली’ असं एका ओळीत लिहू नका. काय बदललं ते लिहा, मग निष्कर्ष लिहा.

मानव विकास निर्देशांक

आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिघांचा मिळून हा एक आकडा. हा एका तासात होतो, आणि एकदा हाताने केला की कायमचा लक्षात राहतो. 2025 च्या मानव विकास अहवालातले भारताचे आकडे (वर्ष 2023) घ्या: आयुर्मान 72.0 वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं 13.0, सरासरी शालेय वर्षं 6.9, माणशी उत्पन्न क्रयशक्तीनुसार 9,047 डॉलर.

आयुर्मानाच्या किमान आणि कमाल मर्यादा 20 आणि 85: (72 − 20) ÷ 65 = 0.800. शिक्षणाच्या कमाल मर्यादा 18 आणि 15 वर्षं: 13 ÷ 18 = 0.722 आणि 6.9 ÷ 15 = 0.460, दोन्हींची सरासरी 0.591. उत्पन्नाच्या मर्यादा 100 आणि 75,000, पण लॉगरिदमने: एलएन(90.47) भागिले एलएन(750) = 4.505 ÷ 6.620 = 0.681. तिघांचा गुणाकार 0.322, त्याचं घनमूळ 0.685. अहवालातही हाच आकडा आहे. भारताचा क्रमांक 130.

2010 पासून तिघांची साधी सरासरी न घेता घनमूळ घेतात, कारण साध्या सरासरीत एका बाजूची कमतरता दुसरीकडच्या भरभराटीने झाकता येते. उत्पन्नाला लॉगरिदम लावतात कारण 1,000 डॉलरवाल्याला आणखी 1,000 मिळणं आणि 50,000 वाल्याला मिळणं यात जगण्याच्या दृष्टीने फार फरक आहे. जिथे मुलं अडखळतात ती जागा म्हणजे सरासरी शालेय वर्षं. हा आकडा पंचविशीच्या पुढच्या प्रौढांचा असतो, म्हणून तो अतिशय हळू हलतो. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 पासून सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. अशा निर्णयाचा परिणाम प्रौढांच्या सरासरीत दिसायला पुढची काही दशकं जावी लागतात. आज शाळेत बसलेल्या मुलांचा हिशेब अपेक्षित शालेय वर्षांत असतो. 13.0 आणि 6.9 यांतलं अंतर म्हणजे दोन पिढ्यांतलं अंतर.

सिद्धांत

हॅरॉड-डोमर एका ओळीचं आहे: वाढीचा दर म्हणजे बचतीचा दर भागिले भांडवल-उत्पादन गुणोत्तर (एक रुपयाच्या उत्पादनाला किती रुपयांचं भांडवल लागतं ते). बचत 12 टक्के आणि गुणोत्तर 4 असेल तर वाढ 3 टक्के. गुणोत्तर कायम राहतं असं धरणं ही यातली कमजोर कडी. कारखाना उभा आहे पण वीज नाही, किंवा धरण झालं पण कालवे नाहीत, तर तीच गुंतवणूक कमी उत्पादन देते आणि 4 चे 6 होतात. तेवढं लिहून पुढे जा.

सोलोला (1956) जास्त वेळ द्या, कारण त्याचा निष्कर्ष निम्मी मुलं उलटा लिहितात. माणशी उत्पादन म्हणजे माणशी भांडवलाचं वर्गमूळ धरा. बचत 20 टक्के, लोकसंख्यावाढ आणि झीज मिळून 5 टक्के. स्थिर अवस्थेत, म्हणजे माणशी भांडवल बदलायचं थांबतं तेव्हा, भांडवल (0.20 ÷ 0.05) चा वर्ग, म्हणजे 16, आणि उत्पादन 4. बचत 30 टक्के केली तर भांडवल 36, उत्पादन 6. उत्पादनाची पातळी दीडपट झाली. वाढीचा दर? 4 वरून 6 वर जाईपर्यंत तो चढतो, आणि तिथे पोचल्यावर तंत्रज्ञान सुधारत नसेल तर माणशी वाढ पुन्हा शून्य. बचत वाढवली की वाढीचा दर कायमचा वाढतो, असं लिहिलंत तर ते हॅरॉड-डोमर झालं, सोलो नव्हे.

लुईसचा 1954 चा लेख शेतीतल्या जादा श्रमिकांवर उभा आहे. तो वाचण्याआधी आंबेडकरांचा 1918 चा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचा. त्या काळी शेतीचे तुकडे एकत्र करण्यावर भरपूर चर्चा होती, बडोदे संस्थानाच्या समितीचा अहवालही होता. आंबेडकरांनी मूळ प्रश्नच बदलला. शेत लहान की मोठं हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही, त्यावर राबणारे हात आणि त्याला मिळणारं भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरतं, असं ते म्हणतात. जमिनीवर रिकाम्या हातांचा भार असेल तर नुसते तुकडे जोडून भागणार नाही. ते हात उद्योगांत गेले पाहिजेत. लुईसच्या छत्तीस वर्षं आधी हा युक्तिवाद इतक्या स्वच्छपणे मांडलेला आहे, आणि भारतातल्या विद्यार्थ्याने लुईसवरचं उत्तर त्याचा उल्लेख न करता लिहावं हे बरोबर वाटत नाही. लुईसमध्ये नेहमीची चूक म्हणजे ‘जादा श्रमिकाचं सीमांत उत्पादन (एक माणूस वाढल्याने वाढणारं उत्पादन) शून्यच असतं’ हे ब्रह्मवाक्य समजणं. ते मजुरीपेक्षा कमी असलं तरी सिद्धांताची गाडी चालते: घरात सगळे मिळून राबतात, मिळेल ते वाटून खातात, म्हणून माणसाला सरासरी मिळते, सीमांत नाही. आकृती काढताना आडव्या मजुरीरेषेला जिथे वळण लागतं तो बिंदू दाखवा आणि तिथे काय होतं ते लिहा: जादा हात संपले, आता कारखान्याला मजुरी वाढवावी लागेल.

रोस्टो, नर्क्स, ‘बिग पुश’, हर्शमनची असंतुलित वाढ यांना मिळून एक आठवडा पुरतो. प्रत्येकाचं एक गृहीतक आणि त्यावरचा एक आक्षेप, एवढं एका पानावर मावलं पाहिजे.

पुरावा

आता बडोद्यातला प्रयोग. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेबरोबर तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ हा उपक्रम तपासला. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी अशा पंधरा-वीस मुलांना दिवसातले दोन तास वर्गाबाहेर घेऊन मूलभूत वाचन-गणित शिकवायची. 2001-02 मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली आणि उरलेल्यांना चौथीसाठी. म्हणजे एका गटाची तिसरी दुसऱ्या गटाच्या तिसरीशी ताडता येते, आणि कुठलीही शाळा पूर्ण वंचित राहत नाही.

बालसखीकडे गेलेली मुलं आणि त्याच वर्गात राहिलेली मुलं यांचीच तुलना का केली नाही, या प्रश्नाचं उत्तर आधी स्वतः लिहून बघा. बालसखीकडे मुळात कच्चीच मुलं जात होती. ती तुलना केली असती तर बालसखीमुळे मुलं मागे पडतात असा निष्कर्ष निघाला असता.

पहिल्या वर्षी सरासरी गुण 0.14 प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी 0.28 ने. 0.28 म्हणजे काय? बरोबर मधल्या जागेवरचं मूल शंभरांत पन्नासाव्यावरून साधारण एकसष्टाव्या जागेवर जातं. बडोद्यातच चौथीसाठी संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. त्यांचा परिणाम गणितापुरता 0.35 आणि दुसऱ्या वर्षी 0.47 होता. मग संगणक घ्यावेत? इथे खर्च आणा. बालसखीचा खर्च वर्षाला मुलामागे साधारण सव्वादोन डॉलर, संगणकाचा पंधरा. 0.1 इतकी सुधारणा करायला बालसखीला ऐंशी सेंट लागतात, संगणकाला तीन डॉलरच्या वर. (एक आकडा नुसत्या गणिताचा आहे हे विसरू नका.) शिवाय उपक्रम संपल्यावर वर्षभराने परिणाम 0.1 च्या आसपासच उरला होता. उत्तरात या चारही गोष्टी हव्यात: तुलना कुणाशी, परिणाम किती, खर्च किती, टिकला किती. 2019 चं नोबेल बॅनर्जी, दुफ्लो आणि क्रेमर यांना मिळालं, हे वाक्य त्यानंतर.

जिल्ह्याचे आकडे वापरताना

प्रकल्पासाठी ‘वडोदरा जिल्हा’ घेणारे जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी फसतात. 15 ऑगस्ट 2013 ला छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेतला वडोदरा जिल्हा सुमारे 41.66 लाखांचा, त्यात छोटा उदेपूरचा आदिवासी पट्टाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) जिल्हे 2011 च्या जनगणनेचेच, म्हणजे 640. पाचव्या फेरीत (2019-21) 707. म्हणून दोन्ही फेऱ्यांमधले वडोदऱ्याचे कुपोषणाचे आकडे शेजारी ठेवले, तर त्यातल्या बदलाचा काही भाग सुधारणेचा नसून नकाशाचा असतो. उपाय: पाचव्या फेरीतले वडोदरा आणि छोटा उदेपूर यांचे आकडे लोकसंख्येच्या भाराने एकत्र करा आणि मग चौथ्या फेरीशी ताडा. मर्यादा म्हणून ते खाली नोंदवा.

नाक्यावरची छोटी पाहणी

हॅरिस-तोडारोंचा स्थलांतराचा सिद्धांत (1970) शिकायला मजूर नाक्यासारखी जागा नाही. सिद्धांत सांगतो की माणूस शहरातली मजुरी नव्हे, मजुरी गुणिले काम मिळण्याची शक्यता पाहून गाव सोडतो. समजा गावात रोज 300 मिळतात, शहरात 600, आणि महिन्यातले निम्मेच दिवस काम मिळतं. तर दोन्ही सारखंच, आणि स्थलांतर तिथे थांबतं. शहरात काम वाढवलं तर ती शक्यता वाढते, आणखी माणसं येतात आणि नाक्यावरची गर्दी कमी न होता वाढूही शकते. दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडून बांधकामावर येणारी माणसं बडोद्याच्या नाक्यांवर रोज सकाळी उभी असतात. तीस जणांशी बोललात तरी हिशेब तपासता येतो.

जायची वेळ फार महत्त्वाची. सकाळी सातच्या आधी पोचा आणि साडेनऊपर्यंत थांबा. दहा-साडेदहाला गेलात तर ज्यांना त्या दिवशी काम मिळालं नाही तेवढेच भेटतात, आणि बेकारी भलतीच जास्त निघते. मुकादमाने आधीच ठरवून थेट साइटवर नेलेले मजूर नाक्यावर दिसतच नाहीत, ही उलट बाजूची चूक. आणि काम न मिळाल्याने गावी परतलेले तर कुठल्याच वेळी दिसणार नाहीत. या तिन्हींचा परिणाम आकड्यावर कुठल्या दिशेने होतो ते आधीच वहीत लिहून ठेवा. बायका बऱ्याचदा बाजूला बसलेल्या असतात. मुद्दाम तिकडे जाऊन त्यांनाही विचारलं नाही, तर सगळा नमुना पुरुषांचा होतो.

‘महिन्यातून किती दिवस काम मिळतं’ असं विचारू नका. माणसं पंधरा किंवा वीस असा गोल आकडा सांगतात. कालपासून मागे एक-एक दिवस घेत सात दिवस विचारा: काल? परवा? पूर्ण दिवस की अर्धा? पैसे हातात किती आले? 1970 च्या दांतवाला समितीनंतर राष्ट्रीय नमुना पाहणीत रोजगार मोजण्याची जी दैनिक पद्धत आली, तिच्यातही सात दिवसांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या दिवसाने मांडला जातो. कारण तोच. मग गावातली शेवटची मजुरी, तिथे शेवटचं काम कोणत्या महिन्यात केलं, आणि इथलं भाडं व येण्याजाण्याचा खर्च. भाडं वजा न करता शहरातली मजुरी मांडली तर स्थलांतर खऱ्यापेक्षा फायद्याचं दिसतं.

नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेऊ नका, क्रमांक पुरे. मुकादम किंवा ठेकेदार आला की बोलणं लगेच थांबवा आणि बाजूला व्हा, कारण तुमच्या प्रश्नामुळे कुणाचा रोज बुडता कामा नये. आठवड्यातले किमान दोन वेगळे दिवस घ्या, आणि त्यांतला एकही सणाच्या आदल्या आठवड्यातला नको: होळीच्या सुमारास दाहोद पट्ट्यातली माणसं गावी जातात, नाका रिकामा होतो आणि उरलेल्यांना काम सहज मिळतं. तक्त्याखाली तारीख, वार, वेळ आणि किती जणांनी बोलायला नकार दिला हे चारही लिहा.